रानाचे वर्ष मृग ते मृग

दिवाळीनंतर जंगलसहलींचे दिवस सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते. एरवी त्यांतली निम्मी पत्रे वाघ कुठे हमखास दिसेल हे विचारणारी असतात. या वेळी मात्र रस्त्याच्या कडेला जी माणसे काम करताना दिसली ती नेमके काय करीत होती, असे विचारणारी पत्रे जास्त आली, याचा मला मनापासून आनंद झाला. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे त्या रस्त्याच्या कडेलाच गेली. मेळघाट आणि चंद्रपूर या दोन्ही बाजूंच्या जंगलांत आधी वनपाल आणि पुढे वनक्षेत्रपाल म्हणून काम केल्यामुळे उत्तरांत त्याच भागाची उदाहरणे अधिक येतील; कोकणातील आणि सह्याद्रीतील वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

प्रश्न : जानेवारीत आम्ही ताडोबाला गेलो असता सकाळच्या फेरीत वनविभागाचे कर्मचारी स्वतःच रस्त्यालगतचे गवत पेटवताना दिसले. गाईडने ‘जाळरेषा’ एवढेच सांगितले. ‘वणवा लावू नका’ असे फलक ज्यांनी लावले त्यांनीच आग लावावी, हे कसे?
– एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : आग पुढे सरकते ती वाळलेल्या गवतावरून आणि पाचोळ्यावरून. तिच्या वाटेतला काही मीटरचा पट्टा आधीच मोकळा करून ठेवला तर ती तिथे येऊन थांबते, किंवा निदान माणसाला तिच्यासमोर उभे राहायला जागा मिळते. जाळरेषा म्हणजे हा मोकळा पट्टा. जंगलाची विभागणी कक्षांमध्ये केलेली असते, आणि कक्षांच्या सीमा, आतले रस्ते व गावाकडची हद्द यांना धरून या रेषा वर्षानुवर्षे त्याच जागी घेतल्या जातात. साधारणपणे रेषा ६ मीटर रुंद असते आणि महत्त्वाच्या सीमेवर ती १२ मीटर किंवा त्याहून जास्त ठेवतात. रस्ता हा स्वतःच एक मोकळा पट्टा असल्यामुळे त्याच्या कडेचे गवत काढले की रेषा आयतीच रुंद होते. तुम्हाला दिसले ते काम बहुधा हेच असावे.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, आणि रेषांचे काम त्याआधी पुरे व्हावे अशी अपेक्षा असते. दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागले की ते विळ्याने कापायचे आणि रेषेतच पसरून ठेवायचे. आठ-पंधरा दिवसांत ते खडखडीत वाळते, पण रेषेबाहेरचे उभे गवत बुडाशी अजून ओलसर असते. या दोहोंतला फरक जोवर टिकून आहे तोवरच जाळण्याचे काम सुरक्षित असते, आणि हा फरक संक्रांतीनंतर दिवसागणिक कमी होत जातो. म्हणून काम सकाळी दव असताना किंवा वारा पडल्यावर संध्याकाळी करतात, रेषेच्या दोन्ही कडांना माणसे पळसाच्या हिरव्या फांद्या घेऊन उभी असतात, आणि एका वेळी थोडेच अंतर पेटवतात.

मेळघाटात आमच्याकडे एक वयस्कर कोरकू मजूर होते. काडी लावण्याआधी ते रेषेबाहेर दोन पावले जाऊन उभ्या गवताचा एक झुबका बुडाशी धरीत आणि मुठीत पिळून पाहत. हाताला गारवा लागला तर मान हलवीत; नाही लागला तर ‘आज नको’ म्हणून विळा कमरेला खोचून सरळ खाली बसत. मी पहिल्या वर्षी घड्याळ पाहून काम सुरू करायला सांगत असे. दुसऱ्या वर्षापासून मी त्यांच्या मुठीकडे पाहू लागलो.

त्यांचे न ऐकल्याची किंमत मी एकदा मोजली आहे. एका वर्षी आमच्या परिक्षेत्राला रेषांचे अनुदान फेब्रुवारीच्या अगदी शेवटी मिळाले. मार्चअखेरपर्यंत खर्च झालाच पाहिजे अशी तंबी होती, म्हणून राहिलेली रेषा घाईने पेटवली. सकाळी अकराच्या सुमारास वारा फिरला आणि आम्हीच लावलेली आग रेषा ओलांडून बांबूत शिरली. ती विझवायला रात्रीचे दोन वाजले. कागदोपत्री त्या वर्षीही आमच्या जाळरेषा शंभर टक्के पूर्ण होत्या. सरकारी वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते, रानाचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होऊन पुढच्या मृगाला संपते, आणि अधिवासाच्या कामांत जे काही बिघडते त्यातले बरेचसे या दोन वर्षांच्या न जुळण्यामुळे बिघडते असे माझे मत आहे. पुढच्या उत्तरांतही मी पुनःपुन्हा याच ठिकाणी येणार आहे.

फलकाविषयी एवढेच, की इतर कोणी जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे आणि अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसारही आहे. ‘आम्हीही रेषाच जाळत होतो’ हा बचाव मी अनेकदा ऐकला आहे. तो चालत नाही.

प्रश्न : रेषा जाळून झाल्यावरही मार्चमध्ये माणसे खराट्याने जंगल झाडताना पाहिली. पानगळीच्या जंगलात पाने झाडत बसणे हा वेडेपणा नाही काय?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : जंगल कोणी झाडत नाही, गुरुजी, झाडतात ती रेषा. सागाचे वाळलेले पान जेवणाच्या ताटाएवढे असते. जानेवारीत स्वच्छ केलेल्या रेषेवर फेब्रुवारी-मार्चमध्ये अशी पाने पडली की आगीला पलीकडे जायला पूल तयार होतो, आणि पेटलेले पान वाऱ्याने उडून गेले तर पुलाचीही गरज उरत नाही. म्हणून आठवड्या-दहा दिवसांनी तीच रेषा पुन्हा झाडावी लागते. अलीकडे पाठीवर घ्यायचे ब्लोअर आल्यामुळे काम झपाट्याने होते, परंतु दगडांच्या खाचांत अडकलेला पाचोळा खराट्यानेच निघतो.

आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात आणि पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा पेटवून साफ केली जाते व ती आग न विझवताच माणूस फुले वेचून घरी जातो. तेंदूला, म्हणजे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या झाडाला, नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही काही लोक आग लावतात, वास्तविक त्यासाठी खुटकटाई, म्हणजे तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटणे, हा चांगला उपाय आहे. झाडाखालचा पाचोळा खराट्याने बाजूला करा, किंवा खाली जुने लुगडे अंथरा, असे घरोघर जाऊन सांगणे हेसुद्धा हंगामी अग्निरक्षकांचे काम असते, आणि माझ्या अनुभवात रेषेइतकाच त्याचा उपयोग होतो. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या सूचना आता मोबाइलवर येतात. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण उपग्रह ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. मधल्या तासांत धुराचा वास प्रथम ज्याला येतो तो टेकडीवर बसलेला माणूसच असतो.

प्रश्न : उन्हाळ्यात वन्यप्राण्यांना टँकरने पाणी देणे हा निसर्गातील हस्तक्षेप नाही का? आमच्या मित्रमंडळाने एप्रिलमध्ये टँकरसाठी वर्गणी काढण्याचे ठरवले आहे. काढावी की नाही?
– एक वाचक, अकोला

उत्तर : हस्तक्षेप आहेच, पण तो आधीच होऊन गेलेल्या हस्तक्षेपावरचा उतारा आहे. नद्यांचे खालचे, बारमाही पाण्याचे भाग गावांकडे, शेतीकडे आणि धरणांकडे गेले. जंगल उरले ते बहुतेक डोंगराच्या माथ्या-उतारावर, जिथले नाले मार्चमध्ये आटतात. पूर्वी प्राणी खाली उतरून पाण्यावर जात. आज उतरले तर ते विहिरीत पडतात किंवा गावात शिरतात.

तरीही टँकर हा शेवटचा उपाय असावा. पहिले काम नैसर्गिक पाण्याचे आहे. नाल्यातल्या डोहांत आणि झऱ्यांच्या तोंडाशी साचलेला गाळ व पाने फेब्रुवारीत पाणी खाली गेल्यावर हातांनी काढली, तर तेच डोह महिनाभर जास्त टिकतात. वाळूच्या पात्रात झिरा उकरला आणि त्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून दगड रचले तरी सांबरांची सोय होते. त्याआधी, पाऊस संपता संपता, वाहत्या नाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालायचा. पाणी वाहते आहे तोवरच त्याला अर्थ आहे. नोव्हेंबरच्या शेवटी कोरड्या पात्रात मोठ्या उत्साहाने घातलेले आणि छायाचित्रांत शोभून दिसणारे बंधारे मी पुष्कळ पाहिले आहेत. आणखी एक खंत अशी की, ही पोती पुढच्या पावसाळ्यापूर्वी कोणी काढत नाही. ती फाटतात आणि त्यांच्या प्लास्टिकच्या चिंध्या मैलभर खालच्या झुडपांना लटकतात.

कृत्रिम पाणवठा करायचाच असेल तर तो बशीसारखा उथळ हवा, म्हणजे तितराच्या पिलालाही कडेने चालत आत जाऊन परत येता येईल. उभ्या भिंतीच्या टाक्यात लहान जीव बुडून मरतात. आता बऱ्याच ठिकाणी बोअरवर सौरपंप बसवून हे पाणवठे भरले जातात. ते दर पंधरवड्याला रिकामे करून खराट्याने घासावे लागतात. शिवाय रोज सकाळी एका माणसाने तिथे जाऊन पाणी पाहावे लागते, कारण शिकारी पाण्यात युरिया किंवा कीटकनाशक टाकतात. काठाला मेलेले बेडूक किंवा पक्षी दिसला की पाणी तत्काळ सोडून द्यायचे आणि नमुना ठेवून वरिष्ठांना कळवायचे. पाणवठे फार जवळजवळ करू नयेत. प्राणी तिथेच घुटमळतात, भोवतालचे गवत संपते आणि रोगही लवकर पसरतो. पर्यटकांच्या रस्त्याला खेटून केलेल्या पाणवठ्यांविषयी माझे मत चांगले नाही, ते इथे लिहीत नाही.

वर्गणी जरूर काढा, पण ऑक्टोबरमध्ये. त्या महिन्यातला रुपया एप्रिलमधल्या रुपयापेक्षा कितीतरी जास्त पाणी अडवतो. ती कुठे लावायची हे क्षेत्राच्या वनाधिकाऱ्यांना विचारूनच ठरवा आणि स्वतः टँकर घेऊन आत जाऊ नका.

प्रश्न : व्याघ्र प्रकल्पातून गावे बाहेर गेल्यावर त्या जागी कुरणे तयार केली जातात असे वाचले. जमीन मोकळी सोडली की गवत आपोआप उगवते ना? मग ‘कुरण विकास’ म्हणून खर्च कशावर होतो?
– वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला बरे वाटले, कारण याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते.

मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत होता; तिथली बोरी, कोहा आणि कुंड ही गावे प्रथम बाहेर पुनर्वसित झाली. ताडोबातील नवेगाव आणि जामणी ही त्यानंतरची ठळक उदाहरणे. अशा गावाची शेते मोकळी पडली की पहिल्या पावसात जे उगवते ते गवत नसते. नांगरलेल्या, खताळ आणि गुरांनी तुडवलेल्या जमिनीत तरोट्याचे बी वर्षानुवर्षे पडून असते. तो गुडघाभर वाढतो आणि त्याच्या सावलीत दुसरे काही येत नाही. त्याच्या जोडीला रानतुळस येते, जिला हरिण तोंड लावत नाही. तुमच्याकडे ज्याला तरोटा म्हणतात तोच पुण्याकडचा टाकळा, हे इतर वाचकांसाठी सांगतो. कोवळेपणी त्याची भाजी उत्तम होते, पण शेकडो एकरांवरची भाजी कोण खाणार?

हे तण काढायची वेळ अगदी नेमकी आहे. पोळ्याच्या आगेमागे जमीन ओली असते आणि तरोट्याला शेंगा धरलेल्या नसतात. तेव्हा झाड मुळासकट उपटून येते. दसऱ्यापर्यंत थांबलात तर शेंगा तयार होतात आणि उपटताना तुम्हीच बी पेरत जाता. विळ्याने वरून कापले तर बुडातून चार फांद्या फुटतात आणि चौपट शेंगा लागतात. हे काम सलग तीन पावसाळे करावे लागते, आणि अनुदान मात्र बहुधा एका वर्षाचे मिळते. पहिल्या वर्षी उपटले, दुसऱ्या वर्षी पैसा आला नाही, तिसऱ्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून, असे चक्र मी स्वतः चालवले आहे, आणि त्याचे अहवालही स्वतःच लिहिले आहेत. व्याघ्र प्रकल्पांच्या प्रतिष्ठानांना पर्यटनाचे उत्पन्न मिळू लागल्यापासून अशा मधल्या वर्षांची सोय काही प्रमाणात झाली आहे.

तण हटले की चांगल्या गवताचे बी लागते. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी ही चितळ आणि गव्यांच्या आवडीची गवते. कुसळी कोवळी असेतो चालते, तिखाडी निबर झाली की तिच्या उग्र वासामुळे प्राणी टाळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लोंबी पिकली की जवळच्या चांगल्या कुरणातून बी हाताने ओरबाडून घेतात. इथे बायकांचा हात पुरुषांपेक्षा दुप्पट चालतो: बोटांच्या बेचक्यात लोंबीचा दांडा धरायचा, एकदाच वर ओढायचा, की पिकलेले तेवढे बी ओटीत पडते आणि कच्चे दांड्यालाच राहते. बाजारातून आणलेल्या बियाण्यात ही निवड झालेली नसते. बी लगेच पेरले तर फारसे उगवत नाही. पोत्यात हवेशीर ठेवून मृगाच्या तोंडावर मातीत व शेणात कालवून टाकतात. ट्रॅक्टरने सगळी जमीन नांगरू नये, कारण त्यामुळे खाली दडलेला तरोटा पुन्हा वर येतो. नुसत्या ओळी उकरल्या तरी पुरते.

कुरण उभे राहिले म्हणजे काम संपले असेही नाही. पळस आणि बोर यांची रोपे दरवर्षी आत घुसतात, ती काढावी लागतात. चितळाला आखूड, कोवळे गवत हवे आणि गव्याला उंच गवत चालते, म्हणून सगळे कुरण एकदम न कापता पट्टे ठेवून कापतात. मधले उभे पट्टे लावा पक्ष्यांना आणि सशांना लागतात.

याच्या जोडीने मी एक गोष्ट आवर्जून करीत असे. काम सुरू करण्यापूर्वी त्या गावच्या दोन-तीन जुन्या शेतकऱ्यांना बोलावून सोबत फिरवायचो. एकदा असेच फिरताना एक आजोबा एका पडक्या उंबऱ्यापाशी थांबले, तिथल्या जात्याच्या तुकड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग सरळ कामाचे बोलू लागले: या वावरात पाणी साचते, इथे मारवेल आपणहून येईल, त्या पट्टीत मुरूम आहे, तिथे बी टाकून वाया घालवू नका. आमच्या नकाशावर ती सगळी जमीन एकाच रंगात होती. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही बी टाकले आणि निम्मे वाचवले. मात्र त्यांना त्या दिवसाची मजुरी देण्यापलीकडे आमच्या हिशेबात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

प्रश्न : आम्ही वीस जण एका रविवारी जंगलात जाऊन घाणेरी उपटण्याचे श्रमदान करू इच्छितो. कोणती काळजी घ्यावी?
– एक गिर्यारोहण गट, ठाणे

उत्तर : राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा पहिले पाऊल क्षेत्राच्या कार्यालयात टाका. घाणेरी, म्हणजेच टणटणी, ही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेची म्हणून बागांत आणली गेली आणि पक्ष्यांच्या पोटातून सगळ्या देशभर पसरली. ती वरून तोडली की दुप्पट दाट होते. उपयोगी पद्धत अशी की, जमिनीखाली तीन-चार बोटे जाऊन मुख्य मूळ कुदळीने तोडायचे आणि झुडूप तिथेच उलटे करून ठेवायचे, मुळे आकाशाकडे, म्हणजे पुन्हा रुजत नाही. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांनी ही पद्धत मांडली आणि कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. पावसात माती मऊ असताना हे काम सोपे जाते. काळी फळे लागलेल्या फांद्या ओढत रस्त्यापर्यंत नेऊ नका, वाटेत सगळीकडे बी सांडते. जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

सगळी घाणेरी एकाच दमात साफ करण्याचा हट्ट धरू नये, कारण तिच्या आडोशाला कितीतरी प्राणी राहतात, तुकड्यातुकड्याने काढावी. ज्या मोठ्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्या खालून सुरुवात करावी, नवी रोपे तिथेच सर्वांत जास्त उगवतात.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. एका रविवारचा उपयोग नाही. मोकळ्या केलेल्या जागी पुढच्या पावसात घाणेरीचीच शेकडो रोपे येतात. वीस जणांनी एका रविवारी एक एकर काढण्यापेक्षा पाच जणांनी दहा गुंठे काढून तीन वर्षे दर ऑगस्टमध्ये तिथेच परत यावे. असे लिहून देणारा गट आला तर कोणताही वनाधिकारी खुर्ची पुढे करील.

प्रश्न : आमच्या गावालगतच्या माळावर वनविभागाने पूर्वी चर खोदून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडे लावली. आता पक्षिमित्र म्हणतात की ती लावायला नको होती. झाडे लावणे वाईट कसे असू शकते?
– एक शेतकरी, उत्तर सोलापूर

उत्तर : पक्षिमित्रांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यात आमच्या खात्याची चूक आहे, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. माळ म्हणजे झाडे नसलेले, म्हणून बिघडलेले जंगल, अशी आमची समजूत करून दिलेली होती. तुमच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ सालचे. माळढोकाला चहूकडे लांबवर दिसले पाहिजे. त्याचे अंडे उघड्या जमिनीवर असते. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल ही सगळी मंडळी उघड्यावरचीच आहेत. तिथे झाडांच्या ओळी उभ्या केल्या की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते आणि झाडाखाली गवताचे प्रमाण घटते. सलग समतल चर खणल्याने वरची पातळ माती उलटते, आणि शतकानुशतके टिकलेले गवताचे ठोंब उखडले जातात.

माळाची देखभाल मुख्यतः न करण्याच्या गोष्टींची आहे. पाऊस पडल्यापासून गवताचे बी पडेपर्यंत काही भाग चराईला बंद ठेवावा आणि दरवर्षी तो भाग बदलावा. पुढे कापणी किंवा चराई दोन्ही चालते. मेंढपाळांना कायमचे हाकलून दिले तर गवत निबर होऊन वाळून पडते आणि आगीला आमंत्रण मिळते. घुसलेली विलायती बाभूळ आणि गिरिपुष्पाची रोपे काढावीत. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीला माळरान सफारी सुरू केली आहे. माळाकडे पाहण्याची खात्याची नजर बदलते आहे, याची ती एक खूण मानता येईल. तुमच्या माळावरची लावलेली झाडे काढायची की नाही, हा निर्णय खात्याचा आहे. तुम्ही स्वतः कुऱ्हाड लावू नका.

प्रश्न : मी बारावी झालो असून आमचे गाव ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यात, आहे. जंगलातील हंगामी काम कसे मिळते? त्यातून पुढे कायम नोकरी लागते काय?
– एक तरुण, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: हंगामी कामातून आपोआप कायम नोकरी लागत नाही, आणि तसे आश्वासन कोणी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका. वनरक्षकाची भरती जाहिरातीने, परीक्षेने आणि धावण्याच्या चाचणीने होते. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. पुरुषांना ५ किलोमीटर धावावे लागते. रेषेवर दोन हंगाम काढलेल्या मुलांना ते जड जात नाही, एवढा फायदा मात्र खरा.

हंगामी काम तुमच्या बीटच्या (एका वनरक्षकाकडे असलेल्या भागाच्या) वनरक्षकामार्फत आणि वनपरिक्षेत्र कार्यालयातून मिळते. बफरमधील गावांत ग्राम परिस्थितीकीय विकास समिती असते, आणि २०१५ पासून सुरू असलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची कामेही तिच्यामार्फत चालतात. समितीच्या सभेला जात राहा, कामांची यादी तिथे आधी कळते. गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला असेल तर त्या वनाची व्यवस्था ग्रामसभा स्वतः ठरवू शकते. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला. जमले तर एकदा जाऊन पाहून या.

तुमच्या भागात वाघांची संख्या मोठी आहे, म्हणून सुरक्षिततेचे लिहितो. गवत कापताना माणूस वाकलेला किंवा उकिडवा असतो आणि त्या उंचीत तो वाघाला माणूस वाटत नाही. एकट्याने कापायला बसू नका. चार जण कापत असतील तर पाचव्याने उभे राहून राखण करावी, आणि मोठ्याने बोलत राहावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबातच वाघांच्या गणनेच्या कामावर पायी असलेल्या एका वनरक्षक भगिनीचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, आणि त्या तर प्रशिक्षित होत्या. मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वल झाडाखाली असते. उजाडल्याशिवाय रेषेवर निघू नका.

मजुरी बँक खात्यात जमा होते आणि पुष्कळदा उशिरा जमा होते. हजेरीपटावर नाव लागले की नाही हे रोज पाहा, आणि तारीख, कक्ष क्रमांक, कामाचा प्रकार व सोबतच्या मजुरांची नावे स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. मी अधिकारी असताना ज्याच्याकडे अशी वही असे त्याच्या थकलेल्या मजुरीचा शोध एका दिवसात लागत असे. बाकीच्यांचा महिनोन्‌महिने चाले. कामासाठी कार्यालयात भाऊबीज झाल्यावर लगेच जा. फेब्रुवारीत गेलात तर माणसे घेऊन झालेली असतात, आणि तोपर्यंत गवतही वाळून गेलेले असते.